पुण्याहून एका दिवसात मुंबई, दोन कुटुंबांनी मिळून: परतीच्या गाडीपासून उलटं मोजा

आमची पहिली मुंबई-सहल फसली. मोठे चार, मुलं चार आणि मैत्रिणीच्या सासूबाई, म्हणजे आम्ही सगळ्या ज्यांना काकू म्हणतो त्या. एकूण नऊ जण. यादीत ठिकाणंही नऊच होती: राणीबाग, सिद्धिविनायक, हाजीअली, हँगिंग गार्डन, गेटवे, म्युझियम, चौपाटी, क्रॉफर्ड मार्केट आणि 'जमलं तर एलिफंटा'. संध्याकाळी पावणेपाचला आम्ही गेटवेजवळ तीन टॅक्सी शोधत उभे होतो आणि गाडी होती पाच दहाची. दोन टॅक्सी मिळाल्या. तिसरी मिळेपर्यंत डेक्कन क्वीन गेली. निम्मे लोक प्लॅटफॉर्मवर आणि निम्मे सिग्नलला. त्या दिवशी बघितलेल्या नवांपैकी (खरं तर साडेचारांपैकी) मुलांना आज काय आठवतं विचाराल, तर 'बाबा टॅक्सीवाल्याशी भांडले' एवढंच.

त्यानंतर तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा मजा आली. बदललं ते एवढंच: आता आम्ही काय बघायचं याच्या आधी परत कसं यायचं ते ठरवतो आणि घड्याळ तिथून मागे फिरवत येतो. पुढचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय.

आधी गाडी, मग गाव

स्वतःच्या मोटारीने जाऊ नका, हे मी पहिल्या ओळीतच सांगते. एक्स्प्रेसवे चांगलाच आहे, पण शनिवार-रविवारी घाटात अडकलात की दिवसाचे दोन तास तिथेच जातात. दक्षिण मुंबईत गाडी लावायला जागा शोधण्यात आणखी अर्धा तास. शिवाय ज्याने गाडी चालवायची त्याची सहल होतच नाही. रात्री घाट चढताना तो डोळे चोळत बसतो आणि मागे सगळे झोपलेले.

आगगाडीने जा. जाताना डेक्कन क्वीन पुण्याहून सव्वासातला निघते आणि दहा पंचविसाला सीएसएमटीला (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, पूर्वीचं व्हीटी) पोचते. सिंहगड एक्स्प्रेस त्याच्याही आधी, सहा पाचला. अर्धा तास जास्त मिळतो हे खरं, पण चार मुलांना पहाटे साडेचारला उठवून तो अर्धा तास मिळवण्यात अर्थ नाही. मुलं मुंबईत दुपारी दोनलाच पेंगायला लागतात.

येताना पर्याय तीन. डेक्कन क्वीन पाच दहाला सुटते, साडेआठच्या आत पुण्यात. सिंहगड पाच पन्नासला, ती दहाच्या सुमारास पोचवते. तिसरा पर्याय दादरहून शिवनेरी बस, हवी तेव्हा. मुलं दहा वर्षांच्या आतली असतील किंवा सोबत वयस्कर माणूस असेल तर पाच दहाचीच धरा. मरीन ड्राइव्हवरचा सूर्यास्त चुकतो, चुकू दे. मुलं मोठी असतील आणि दिवे लागलेला मरीन ड्राइव्ह बघायचाच असेल तर आगगाडीचा विचार सोडून शिवनेरीने या. घरी पोचायला मध्यरात्र होईल हे मात्र आधीच सगळ्यांना सांगून ठेवा. निघायच्या आठवड्यात गाड्यांच्या वेळा पुन्हा एकदा तपासा, त्या अधूनमधून पाच-दहा मिनिटांनी हलतात.

तिकिटांचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. पूर्वीसारखे एकशेवीस दिवस राहिले नाहीत, नोव्हेंबर २०२४ पासून बदललं. शनिवार-रविवारच्या जागा पटापट जातात, म्हणून ज्या दिवशी उघडेल त्या सकाळी आठला बसायचं. खातं आधीच आधारशी जोडून ठेवा, सुरुवातीच्या वेळात तशाच खात्यांवरून तिकीट निघतं. एका तिकिटावर सहाच नावं बसतात, त्यामुळे नऊ जणांची दोन तिकिटं होणार आणि जागा वेगवेगळ्या डब्यांत पडू शकतात. इथे एक चूक आम्ही केली होती: एका तिकिटावर सगळे मोठे, दुसऱ्यावर मुलं आणि काकू. जागा लांब लांब आल्या आणि काकूंनी चार पोरं एकटीने सांभाळली. आता प्रत्येक कुटुंबाचं तिकीट वेगळं काढतो. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण जागाही मिळत नाही. तीन तास मांडीवर घेऊन बसायची तयारी नसेल तर त्याचंही पूर्ण तिकीट काढा.

डेक्कन क्वीनला काचेचं छत असलेला व्हिस्टाडोम डबा आहे. महाग आहे. घ्यायचाच असेल तर फक्त जातानाचा घ्या. सकाळी गाडी लोणावळ्यानंतर घाट उतरते तेव्हा दऱ्यांत कोवळं ऊन असतं. हिवाळ्यात येताना गाडी घाटात शिरेपर्यंत अंधार पडलेला असतो आणि काचेत आपलीच तोंडं दिसतात.

कोणता वार

रविवारी फोर्टातली कचेऱ्यांची गर्दी नसते, रस्ते मोकळे असतात आणि चालायला फार छान वाटतं. पण त्याच कारणाने फोर्टातली बरीचशी जेवणाची हॉटेलं रविवारी बंद, आणि गेटवेवर मात्र मुंग्यांसारखी माणसं. लोकलचा मेगाब्लॉकही रविवारीच असतो. आम्ही शनिवार पकडतो. सोमवारी एलिफंटा बंद, बुधवारी राणीबाग बंद, मंगळवारी सिद्धिविनायकाची रांग. सुट्टी काढून जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात आणि मार्चनंतर मुंबईचा घाम पुण्याच्या माणसाला सोसत नाही. पावसाळ्यातली मुंबई सुंदर असते, पण ती नऊ जणांनी एका दिवसात बघायची गोष्ट नाही.

यादी कापा

या पायरीवर भांडणं होतात, म्हणून घरीच, आठवडाभर आधी करा. पाच दहाच्या गाडीपासून मागे या. चार चाळीसला स्टेशनात हवं, म्हणजे सव्वाचारला शेवटचं ठिकाण सोडायला हवं. सकाळी स्टेशनातून बाहेर पडेपर्यंत अकरा वाजतात. हातात राहिले सव्वापाच तास. त्यातला एक तास जेवणाचा आणि निदान पाऊण तास स्वच्छतागृहं, पाणी, 'माझी चप्पल तुटली' यांचा. उरलेल्या साडेतीन तासांत तीन ठिकाणं होतात. चौथं केलंत तर चारही अर्धवट.

म्हणून मुंबईचा एकच तुकडा घ्यायचा, जो पायी जोडता येतो. सीएसएमटी, हुतात्मा चौक, काळा घोडा, म्युझियम, गेटवे, मरीन ड्राइव्ह. हा तुकडा मला सगळ्यात पटतो, कारण गाडी त्याच्या दारातच उतरवते आणि दारातूनच परत नेते. राणीबाग आणि तिच्या शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय ही वेगळी सहल. एलिफंटाही वेगळी: बोटीने जायला तासभर, यायला तासभर आणि वर लेण्यांपर्यंत सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. गेटवेवर उभं राहिल्यावर मुलं बोटीकडे बोट दाखवणारच. 'आज नाही' हे उत्तर आधीच ठरलेलं असू द्या, आणि चारही मोठ्यांचं तेच उत्तर असू द्या. चौघांपैकी एक जण जरी 'बघू या की' म्हणाला की गेलं.

प्रत्येक मुलाला एक गोष्ट निवडायला दिलीत तर यादी कापल्याचा राग येत नाही. माझ्या धाकट्याने डबल डेकर बस निवडली होती, मैत्रिणीच्या मोठीने फॅशन स्ट्रीट. दोन्ही जमलं.

आदल्या रात्री

सामान एका कुटुंबाला एकच पाठीवरची सॅक. पाण्याच्या बाटल्या, एक पातळ टॉवेल, मुलांचा एकेक जादा टीशर्ट, टोप्या, रुमाल, नेहमीची औषधं आणि पॉवर बँक. घरच्या खाण्यात तिखट पुऱ्या किंवा धपाटे, बस्स. मोठा डबा नेऊ नका. मुंबईत जाऊन डबा खायचा असेल तर पर्वतीवर जावं.

प्रत्येक मुलाच्या खिशात एक चिठ्ठी: नाव आणि दोन मोठ्यांचे फोन नंबर, जाड पेनने. वय दहाच्या वर असलं तरी. आणि एकच नियम तोंडपाठ करून घ्या: हरवलास तर जिथे आहेस तिथेच उभा राहा, आम्ही येतो. मुलं शोधायला निघाली की दोघंही फिरत राहतात.

पैशांसाठी निघायच्या आधी दोन्ही घरांनी सारखी रक्कम काढून एका लहान पाकिटात ठेवायची आणि ते पाकीट एकाच माणसाकडे द्यायचं. टॅक्सी, तिकिटं, चहा, वडे सगळं त्यातून. 'मी देतो, मी देतो' ही ओढाताण काउंटरवर वेळ खाते आणि मनात हिशोब ठेवते. खेळणी आणि खरेदी मात्र ज्याची त्याने. पाकिटात दहा, वीस, पन्नासच्या नोटा भरपूर असू द्या. यूपीआय सगळीकडे चालतं, पण फोनची बॅटरी दुपारी तीनला संपते तेव्हा चालत नाही.

गाडीत

डेक्कन क्वीनला डायनिंग कार आहे. १ जून १९३० पासून धावणारी ही गाडी, आणि बसून खायची सोय अजून टिकून आहे. मुलांना तिथे न्या. ऑम्लेट किंवा टोस्ट जागेवरही येतं, पण हलत्या टेबलावर बशी धरून खाण्याची गंमत जागेवर नाही. लवकर जा, पुढे रांग लागते. मात्र पोटभर खाऊ नका, कारण उतरल्यावर वडापाव आहे.

घाटात मुलांना बोगदे मोजायला लावा. आमच्या चौघांचे आकडे कधीच जुळत नाहीत आणि ते भांडण कर्जतपर्यंत पुरतं. दादर आलं की सगळ्यांना स्वच्छतागृहात पाठवून द्या. सीएसएमटीला उतरल्यावर रांगेत उभं राहण्यापेक्षा हे बरं.

स्टेशन हेच पहिलं ठिकाण

बहुतेक जण गाडीतून उतरून धावत टॅक्सीकडे जातात आणि ज्या इमारतीचे फोटो जगभरातले लोक काढायला येतात तिच्याकडे पाठ करतात. थांबा. रस्ता भुयारी मार्गाने ओलांडून महापालिकेच्या इमारतीच्या बाजूला जा आणि तिथून वळून बघा.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाचं हे काम, १८७८ ला सुरू होऊन दहा वर्षं चाललं. २००४ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. मुलांना या सनावळीत रस नसतो, त्यांना प्राणी शोधायला सांगा. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आहे आणि एकीकडे वाघ: सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. मग दगडात कोरलेले पक्षी, प्राणी, पानं शोधत नजर वर वर जाते आणि शेवटी घुमटावर उभ्या असलेल्या बाईपाशी पोचते. आमच्या काकू एका हाताने पदर डोक्यावर धरून, मान मागे टाकून, बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लग्नानंतर कितींदा उतरले असेन इथे. वर बघितलंच नव्हतं कधी."

पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला इथूनच, तेव्हाच्या बोरीबंदरहून ठाण्याला गेली. तेव्हा ही इमारत नव्हती, हे सांगितलं की मोठी मुलंही कान टवकारतात.

स्टेशनासमोरच आराम वडापाव आहे. माणशी एक, जास्त नाही. उभ्याने खा, मिरची मुलांच्या पावातून आधीच काढा आणि निघा.

अकरा ते अडीच

सीएसएमटी ते म्युझियम दोन किलोमीटरच्या आतबाहेर आहे. सकाळी सगळे ताजे असताना हे पायीच करा. डी. एन. रोडच्या कमानींखालून सावलीत चालता येतं. वाटेत हुतात्मा चौक लागतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गेलेल्यांचं स्मारक आहे, दोन मिनिटं थांबा. ज्यांना मुंबई 'आपली' वाटते त्या पुणेकर मुलांना ती फुकट मिळालेली नाही हे इथे उभं राहून सांगता येतं, घरी सांगून कळत नाही.

काकूंसारखं कोणी सोबत असेल तर त्यांना एका मोठ्या माणसाबरोबर टॅक्सीने पुढे पाठवा. अख्खा दिवस सगळ्यांनी एकत्र राहिलंच पाहिजे असं नाही. काळी-पिवळी मीटरवर चालते, किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये. चारच माणसं बसतात, म्हणून नऊ जण म्हणजे तीन टॅक्सी, आणि तीन टॅक्सी म्हणजे तीन वेगळ्या वेळा. रिक्षा शोधू नका, दक्षिण मुंबईत त्या येत नाहीत. पुण्याचा माणूस हे दर वेळी विसरतो.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सव्वादहाला उघडतं. जॉर्ज विटेटने बांधलेली ही इमारत पहिल्या महायुद्धात लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली आणि संग्रहालय म्हणून १९२२ मध्ये उघडली. सगळी दालनं बघायला जाल तर मुलं तासाभरात जमिनीवर बसतील. दीड तास, तीन दालनं. आमची निवड: पेंढा भरलेले प्राणी-पक्षी, शस्त्रास्त्रं (इथे अकबराचं चिलखत आहे) आणि ॲसिरियाच्या राजवाड्यातले कोरीव दगड. तिसऱ्याला मुलं नाक मुरडतात, पण मला आवडतं म्हणून जायचंच. आईबापांची पण सहल असते. लहानांना बागेतल्या बालसंग्रहालयात सोडा. निघताना सगळ्यांनी स्वच्छतागृहात जाऊन या. या भागात इतकी बरी सोय पुन्हा सहज सापडत नाही.

जेवण एक ते अडीचच्या मधे, आणि तेही दीडच्या आधी टेबल धरायचं. नऊ जणांसाठी सलग जागा मिळेपर्यंत थांबलात तर अर्धा तास गेला. दोन टेबलं घ्या: एकावर मुलं, एकावर मोठे. मुलांना हे फार आवडतं आणि मोठ्यांना त्याहून जास्त. भुकेलेल्या माणसांमध्ये 'कुठे जेवायचं' हा विषय काढू नये, हॉटेल घरूनच ठरवून जा आणि त्या दिवशी उघडं आहे का ते फोन करून विचारा.

गेटवे, मग समुद्र

म्युझियमपासून गेटवे दहा मिनिटं पायी. आत शिरताना पिशव्या तपासतात, त्याची रांग असते. अर्धा तास पुरतो. पंचम जॉर्ज राजा आला १९११ साली आणि त्याच्या स्वागताची कमान पुरी झाली १९२४ साली. मुंबईतलं बांधकाम तेव्हाही वेळेवर होत नव्हतं. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून निघून गेली. समोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, मुलांचा फोटो तिथे काढा. कबुतरांना दाणे घालू नका, आणि फोटोवाल्याशी भाव आधी ठरवा.

तिथून टॅक्सीने मरीन ड्राइव्ह. नरिमन पॉइंटच्या बाजूला, एनसीपीए नाट्यगृहाच्या टोकाला उतरून कठड्यावर बसा. बाकी काही करायचं नाही. ही पाऊण तासाची रिकामी जागा मुद्दाम ठेवलेली आहे: आधीचं काही लांबलं तर इथून वेळ कापता येतो. मुलांना कठड्याच्या पलीकडच्या सिमेंटच्या दगडांवर उतरू देऊ नका, शेवाळ असतं. चर्चगेटच्या बाजूला के. रुस्तमचं आइस्क्रीम मिळतं, दोन बिस्किटांमध्ये जाड वडी. ते हातात घेतल्या घेतल्या खायचं. माझ्या धाकट्याने 'समुद्राजवळ जाऊन खातो' म्हणून दहा पावलं जपून धरलं, तोवर कोपरापर्यंत गुलाबी ओघळ आणि हातात नुसती दोन मऊ बिस्किटं. जादा टीशर्ट यासाठी.

सव्वाचार

घड्याळाचं काम एकाच माणसाला द्या, जो भिडस्त नाही त्याला. आमच्यात ते मैत्रिणीच्या नवऱ्याकडे आहे. सव्वाचार म्हणजे सव्वाचार, फोटो अर्धा राहिला तरी.

चर्चगेटहून सीएसएमटीला परत यायला आता भुयारी मेट्रो आहे. ऑक्टोबर २०२५ पासून ही मार्गिका थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली. चर्चगेट, हुतात्मा चौक, सीएसएमटी: दुसरंच स्टेशन. तिकीट दहा रुपयांपासून. तीन टॅक्सी शोधायचा आमचा जुना जाच यानेच संपला. जिन्यांचा आणि तपासणीचा वेळ धरून वीस मिनिटं ठेवा.

मेट्रो असो वा लोकल, नऊ जणांनी चढायची पद्धत एकच. सगळ्यात पुढे एक मोठा, सगळ्यात मागे एक मोठा, मुलं मधे, आणि प्रत्येक मोठ्याने एकाच ठरलेल्या मुलाचा हात धरायचा. 'कोणीतरी धरला असेल' असं झालं की कोणीच धरलेला नसतो. दार बंद होऊन ताटातूट झालीच, तर जे आत गेले त्यांनी पुढच्या स्टेशनावर उतरून तिथेच थांबायचं आणि मागे राहिलेल्यांनी पुढच्या गाडीने यायचं. उलट फिरायचं नाही. हे मुलांनाही सांगून ठेवा.

सीएसएमटीला पाणी भरून घ्या, इंडिकेटरवर प्लॅटफॉर्म बघा आणि गाडी लागली की बसा.

परतीच्या गाडीत एकच काम उरतं, हिशोब. तो कर्जतच्या आत करा. कर्जतला घाट चढायला मागून जादा इंजिनं लागतात, तो धक्का बसला की मुलं खिडकीला चिकटतात आणि घाट संपेपर्यंत दोन्ही घरं झोपलेली असतात. पाकिटात उरलेले पैसे वाटून घेऊ नका. आमच्या पाकिटात गेल्या वेळचे चारशे वीस रुपये आहेत, राणीबागेसाठी.